परदेशी विद्येचे वार
(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक मेळाव्यात विद्यार्थी-सत्कारानंतर केलेले भाषण)



गुणी विद्यार्थ्यांचा सत्कार झाल्यावर चार शब्द बोलावे, अशी चिटणीसांची आज्ञा झाली म्हणून आम्ही उभे आहोत. आम्ही स्वतः मॅट्रिकच्या पलीकडे गेलेलो नाही. शिक्षकाची पदविका घेतली आणि प्राथमिक शाळेत फळ्यापुढे जन्म काढला, एवढीच आमची विद्या. तेव्हा परदेशच्या विद्यापीठांविषयी बोलण्याचा अधिकार यांना कोणी दिला, अशी शंका कोणास आल्यास ती रास्तच म्हणावी लागेल. अधिकार इतकाच की, आमच्या धाकट्या बंधूंची कन्या २०१७ ते २०१९ या दोन वर्षांत युरोपातील चार विद्यापीठांत मिळून एक पदव्युत्तर अभ्यासक्रम पुरा करून आली. तिची पत्रे, म्हणजे आता मोबाईलवर येतात ती, आमच्या वृद्ध मातोश्रींना वाचून दाखविण्याचे काम आमच्याकडे होते. त्यामुळे त्या दोन वर्षांची हकीकत आम्हांस जवळजवळ पाठ आहे.

सभेतील वडीलधाऱ्यांना 'वार लावून जेवणे' म्हणजे काय हे सांगावयास नको. पुढे बसलेल्या मुलांसाठी सांगतो. गरिबाचा मुलगा शिकण्यासाठी मोठ्या गावी आला, म्हणजे सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, अशी आठवड्याची सात घरे बांधून घेई. १९०१ सालापासून राजर्षी शाहू महाराजांच्या प्रेरणेने कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे निघाली, इतरत्रही तसे प्रयत्न झाले, आणि वारांची प्रथा मागे पडली. ती मागे पडली हे बरेच झाले. परंतु त्या विद्यार्थ्याला एक गोष्ट आपोआप येई. कोणत्या घरी पानावर आधी काय वाढतात, कोठे बोलावे, कोठे गप्प बसावे, हे तो बरोबर ओळखी. आमच्या पुतणीने जे शिक्षण घेतले ते आमच्या समजुतीप्रमाणे विद्येचे वार लावणेच होते. फरक इतकाच की, वार आठवड्याचा नसून सहामाहीचा, आणि घर दुसऱ्या आळीत नसून दुसऱ्या देशात.

युरोपात १९८७ साली 'एरास्मस' नावाची योजना निघाली. एका देशाच्या विद्यार्थ्याने काही काळ दुसऱ्या देशाच्या विद्यापीठात शिकावे आणि तो अभ्यास त्याच्या मूळ विद्यापीठाने मान्य करावा, हा तिचा हेतू. एरास्मस हा रॉटरडॅमचा डच पंडित. पॅरिसला शिकला, १५०६ साली इटलीतील तुरिन येथे धर्मशास्त्रातील आचार्यपद मिळविले, केंब्रिजला शिकविले आणि १५३६ साली स्वित्झर्लंडातील बाझेल येथे निवर्तला. अशा भटक्या विद्वानाचे नाव या योजनेस शोभून दिसते. पुढे २००४ साली साऱ्या जगातील विद्यार्थ्यांसाठी तिची 'एरास्मस मुंडुस' ही शाखा निघाली. मुंडुस म्हणजे लॅटिन भाषेत जग. निदान तीन देशांतील तीन संस्थांनी मिळून एक अभ्यासक्रम आखावयाचा आणि विद्यार्थ्याने आपला देश सोडून निदान दोन देशांत शिकावयाचे, असा तिचा नियम आहे. शिष्यवृत्ती मिळाली तर शिक्षणशुल्क द्यावे लागत नाही, विमाही उतरविला जातो, आणि निर्वाहासाठी दरमहा ठराविक रक्कम मिळते. आमच्या पुतणीच्या वेळी ती १००० युरो असून प्रवासाची रक्कम वेगळी होती. २०२१ नंतरच्या नियमांप्रमाणे प्रवासासह सर्व मिळून दरमहा १४०० युरो, अधिकात अधिक २४ महिने. आजच्या भावाने ही रक्कम महिन्यास सव्वा लाख रुपयांहून अधिक होते.

ही वाट एकतर्फी नाही, हेही येथे नमूद करावेसे वाटते. युरोपीय संस्कृतीच्या अशाच एका संयुक्त अभ्यासक्रमाचे विद्यार्थी एका सत्रासाठी पुणे विद्यापीठात आलेले आहेत, आणि कायदा व अर्थशास्त्र या विषयाच्या दुसऱ्या एका अभ्यासक्रमाचे विद्यार्थी मुंबईत गोरेगावच्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेत शिकून गेले आहेत. म्हणजे आपल्या दारीही कोणी वार लावले आहेत.

पुतणीचा विषय होता पुराच्या संकटाचे व्यवस्थापन. सांगलीकडच्या मुलीने हा विषय का घेतला हे विचारण्याचे कारण नाही. २००५ सालचा कृष्णेचा पूर तिने शाळेत असताना पाहिला होता. स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेतल्यावर तिने हा अभ्यासक्रम शोधून काढला. जर्मनीत ड्रेस्डेन, हॉलंडात डेल्फ्ट, स्पेनमध्ये बार्सिलोना आणि स्लोव्हेनियात ल्युब्लियाना अशी त्यातील चार विद्यापीठांची गावे. घरी बातमी फुटली तेव्हा आनंद व चिंता ही दोन्ही एकाच दाराने आत आली. एक नातेवाईक म्हणाले, "दोन घरचा पाहुणा उपाशी, ही तर चार घरची." दुसऱ्यांचे म्हणणे, चार ठिकाणची पदवी म्हणजे कोठलीच पदवी नव्हे. आमच्या वहिनींची चिंता निराळी होती. मुलगी एका गावी राहिली तर निदान त्या गावी कोणी ओळखीचे पाहता येते. दर सहा महिन्यांनी बिऱ्हाड हलणार असेल तर कोणाकोणास विचारावयाचे?

पदवीविषयीच्या शंकेचे उत्तर सोपे आहे. युरोपातील विद्यापीठांनी अभ्यासाचे एक समान माप ठरविले आहे. वर्षाच्या पूर्ण अभ्यासाचे ६० श्रेयांक. मापटे एकच असले म्हणजे धान्य चार दुकानांतून आणले तरी हिशेब चुकत नाही. पदवीपत्र मात्र काही अभ्यासक्रमांत सर्वांचे मिळून एक, तर काहींत निरनिराळे मिळते, हे अर्जापूर्वीच पाहून ठेवावे. आपल्याकडे परदेशी पदवीस समकक्षता देण्याविषयी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ साली नियम केले आहेत, तेही मुलांनी आधी वाचावेत. वहिनींच्या प्रश्नाचे उत्तर मात्र कोणत्याच कागदावर नव्हते.

जाण्याआधीची एक गंमत. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग मुलीचे नाव, मग वडिलांचे, आणि आईचे नाव निराळे छापलेले असते. पासपोर्टावर मुलीच्या नावापुढे वडिलांचे नाव जोडलेले. तेथील कार्यालयात वडिलांचे नाव हे मुलीचेच दुसरे नाव समजतात. परिणामी ड्रेस्डेनच्या एका कार्यालयातील बाई तिला कित्येक आठवडे आमच्या बंधूंच्या नावाने हाक मारीत होत्या. मातोश्रींना हे वाचून दाखविले तेव्हा त्या म्हणाल्या, "बरे झाले, पोराचे नाव परदेशात गेले."

आता मुख्य विषयाकडे वळतो. शुल्क माफ, शिष्यवृत्ती मंजूर, मग अडचण कसली, असे सर्वांस वाटते. अडचण पहिल्या सहा-आठ आठवड्यांची. जर्मनीत उतरल्यावर नगरकार्यालयात आपल्या निवासाची नोंद करावी लागते. नोंदीसाठी घरमालकाचे लेखी पत्र पाहिजे. नोंदीचा कागद असेल तर बँकेत खाते सुलभपणे निघते. आणि शिष्यवृत्तीचा पहिला हप्ता खात्यातच जमा व्हावयाचा. अशी ही एकात एक गुंतलेली साखळी. तोवर खोलीची अनामत, अंथरूण-पांघरूण, निवासपरवान्याची फी, थंडीचा कोट, ही सर्व पदरचीच. पुतणीचा पहिला हप्ता हाती येईपर्यंत नोव्हेंबर उजाडला. त्या काळाची तरतूद वहिनींनी पाटल्या गहाण ठेवून केली होती. पुढे मुलीने शिष्यवृत्तीतून वाचविलेल्या पैशांतून त्या सुटल्या. पाटल्याच नसत्या तर? या प्रश्नाकडे आम्ही शेवटी येणार आहोत.

ड्रेस्डेन हे एल्बे नदीकाठचे नगर. २००२ सालच्या ऑगस्टमध्ये तेथे एल्बेचे पाणी ९ मीटर ४० सेंटिमीटरपर्यंत चढले होते. पुराचा पाठ पुस्तकात आणि खुणा बाहेर भिंतीवर, असे ते शिक्षण. वर्गात वीस-बावीस विद्यार्थी व पंधराएक देश. नेपाळ, बांगला देश, इथिओपिया, कोलंबिया, इंडोनेशिया. या विद्यार्थ्यांत जन्माने युरोपीय थोडेच. एकदा प्राध्यापकांनी विचारले, "स्वतःच्या घरात पुराचे पाणी कोणी पाहिले आहे?" निम्म्याहून अधिक हात वर झाले. प्राध्यापकांचा स्वतःचा हात मात्र खाली होता, असे तिने लिहिले. त्या दिवसापासून आपल्यालाही येथे काही सांगण्याजोगे आहे, असा धीर तिला आला. आम्ही शिक्षक आहोत. मुलाला असा धीर येणे म्हणजे काय, ते आम्ही जाणतो.

तेथे सर्वच गोड नव्हते. परकीयांच्या, विशेषतः मुसलमानांच्या आगमनाविरुद्ध चळवळ करणाऱ्या एका गटाचे मोर्चे ड्रेस्डेनमध्ये २०१४ पासून सोमवारी संध्याकाळी निघत. त्या वेळी जुन्या शहराच्या चौकाकडे जाऊ नये, असे आधीच्या तुकडीच्या मुलांनी हिला बजाविले. ही गोष्ट तिने घरी वर्षभर कळविली नव्हती. आईवडिलांनी याचा राग धरू नये. परदेशी गेलेले मूल सर्वच सांगत नाही, आणि सर्वच विचारूही नये. त्याच गावातील एक वृद्ध शेजारीण तिला दर रविवारी केक आणून देई, हेही तितकेच खरे.

गुणांचा प्रकार सांगण्याजोगा आहे. जर्मनीत १ हा सर्वोत्तम गुण आणि ५ म्हणजे अनुत्तीर्ण. पहिल्या परीक्षेत तिला १.७ मिळाले. आमच्या बंधूंनी तो आकडा पाहिला आणि दोन दिवस ते कोणाशी बोलले नाहीत. मुलगी नापास झाली, आता लोकांस काय सांगावे, असा त्यांचा समज. तिसऱ्या दिवशी उलगडा झाला तेव्हा पेढे वाटले. हॉलंडात गुण दहापैकी. तेथे आठ मिळाले तर विद्यार्थी स्वतःस धन्य मानतो आणि पैकीच्या पैकी क्वचितच कोणास मिळतात. स्लोव्हेनियातही दहापैकीच, परंतु सहाच्या खाली नापास. एकाच मुलीची बुद्धी चार तराजूंत अशी निरनिराळी भरते. आपल्याकडे अर्ध्या टक्क्यासाठी मुलाला रडविणाऱ्या पालकांनी या आकड्यांकडे जरा पाहावे.

शिकविण्याच्या रीतीही भिन्न. जर्मनीत प्राध्यापकांशी आदरार्थी बोलावयाचे. डेल्फ्टला गेल्यावर साठीच्या प्राध्यापकांस त्यांच्या पाळण्यातल्या नावाने हाक मारावयाची. हे तिच्या जिभेवर येईना. ती कित्येक दिवस त्यांस कसलीच हाक न मारता नुसती समोर जाऊन उभी राही. घोकून उतरविलेल्या उत्तरास तेथे किंमत नाही. उलट दुसऱ्याचे वाक्य नाव न सांगता लिहिले तर ती चोरी समजतात आणि त्याबद्दल कठोर शिक्षा होते. आपल्या मुलांना याचा पहिला फटका बसतो. आम्ही जन्मभर मुलांकडून निबंध पाठ करून घेतलेले पाहिले आहेत, त्यामुळे हा फटका कोठून येतो हे आम्हांस ठाऊक आहे.

डेल्फ्टची संस्था १९५७ सालापासून पाण्याच्या शास्त्राचे शिक्षण देत आली आहे आणि तेथे येणारे बहुतेक आपल्यासारख्या देशांतले अभियंते. १९५३ सालच्या समुद्राच्या पुरात हॉलंडातील १८३६ माणसे गेली. त्यानंतर त्या लोकांनी समुद्राला बांध घालण्याचे जे प्रचंड काम काढले, ते पुतणीने सहलीत पाहिले. त्या बांधांचे वर्णन तिने चार ओळींत उरकले आणि सायकल शिकताना कालव्याच्या कडेला पडल्याचे दोन पाने लिहिले. विद्यार्थ्याचे जीवन हे असेच असावयाचे.

बार्सिलोनात उतरल्यावर कळले की, सहा महिने खपून शिकलेले स्पॅनिश तेथे अर्धेच कामाचे. रस्त्यावरच्या पाट्या, विद्यापीठातील सूचना कॅटलान भाषेत. आपल्याकडे बेळगाव-कारवारच्या लोकांस हे समजावून सांगावे लागणार नाही. ल्युब्लियाना त्यामानाने लहान व शांत. तेथे विद्यार्थ्यांस सवलतीच्या जेवणाची एक सरकारी सोय आहे. गावातील कित्येक खाणावळींत विद्यार्थी जेवतो आणि किमतीचा काही भाग सरकार भरते. पत्रातला तो मजकूर वाचताच मातोश्री म्हणाल्या, "अगं बाई, तिथे अजून वार लावतात!" हे भाषण आम्हांस त्यांच्या त्या उद्गारावरून सुचले, हे येथे सांगितले पाहिजे.

दर मुक्कामी काय सोडावयाचे आणि काय न्यावयाचे, हा त्या जीवनाचा खरा अभ्यास. दोन बॅगांत संसार. पहिल्या मुक्कामी हौसेने घेतलेली कढई, पोळपाट, दिवा हे सर्व पुढच्या तुकडीसाठी ठेवून जावयाचे. आणि पुढच्या गावी कोणी अनोळखी मुलाने ठेवलेला तवा आपल्या हाती यावयाचा. डेल्फ्टला तिला मिळालेल्या कुकरवर बंगालीत नाव कोरलेले होते. तिने खाली देवनागरीत आपले कोरले. एका गावी भाषा, बाजार, डॉक्टर, बसचा रस्ता हे सर्व अंगवळणी पडावे, चार माणसे आपली व्हावीत, आणि नेमकी त्या वेळी गाडी सुटावी. हे चार वेळा. पहिल्या वेळी ती रडली, दुसऱ्या वेळी आजारी पडली, तिसऱ्या वेळी काहीच झाले नाही, आणि तिसऱ्या वेळचेच तिला अधिक भय वाटले, असे तिने लिहिले होते. आधार एकच; संपूर्ण तुकडी बरोबर हलते. गाव बदलते, परंतु शेजारच्या खोलीतली नेपाळची मैत्रीण तीच राहते.

त्या मैत्रिणीचे ऋण आमच्या घराण्यावर आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पुतणी डेल्फ्टला प्रबंधाचा शेवटचा भाग लिहीत होती आणि इकडे सांगलीत कृष्णेचे पाणी शिरले. बंधूंचे कुटुंब वरच्या मजल्यावर गेले. वीज गेली, दूरध्वनी बंद पडले. दोन दिवस व दोन रात्री मुलीला आईवडिलांचा पत्ता नव्हता. पुरावर प्रबंध लिहिणारी मुलगी पडद्यावर आपल्याच गल्लीचे चित्र शोधीत बसली होती. नेपाळची मुलगी तिच्याजवळ बसून राहिली. तिने २०१५ चा भूकंप सोसला होता, तेव्हा काय बोलू नये हे तिला कळत होते. प्राध्यापकांनी आपण होऊन मुदत वाढवून दिली. वहिनींचा प्रश्न होता, तेथे ओळखीचे कोण? त्याचे उत्तर आम्हांस त्या दोन दिवसांत मिळाले.

आता कामाचे बोलतो. आपल्याच एका कुटुंबाने मधल्या काळात एका दलालाच्या सांगण्यावरून परदेशातील एका सामान्य महाविद्यालयासाठी जमीन तारण ठेवून मोठे कर्ज काढले. मुलगा परत आला, कर्ज अजून तेथेच आहे. या संयुक्त अभ्यासक्रमांना दलाल लागत नाही. अर्ज विद्यार्थ्याने स्वतः थेट करावयाचा. बहुतेकांचे अर्ज साधारण ऑक्टोबर ते जानेवारी या काळात घेतले जातात. पदवीचे गुण, इंग्रजीची परीक्षा, दोन शिक्षकांची शिफारस, आणि आपण हाच विषय का घेतो याचे प्रामाणिक निवेदन, यांवर निवड होते. शिष्यवृत्ती मात्र थोड्यांनाच मिळते, हे विसरू नये.

परंतु ज्याला ती मिळते, त्याच्यासाठी आपल्या शिक्षणनिधीत जागा नाही. निधीच्या अर्जात 'शुल्काची पावती जोडावी' असे कलम आहे. ज्याचे शुल्क माफ झाले तो पावती कोठून आणणार? गुणवत्तेने शुल्क वाचविले म्हणून मदतीस अपात्र, अशी ही स्थिती आहे. मध्येच पैसा तुटला म्हणजे काय होते, हे थोरांच्या चरित्रांतही दिसते. डॉ. आंबेडकरांना बडोद्याची शिष्यवृत्ती संपल्यामुळे १९१७ साली लंडनचे शिक्षण अर्धे टाकून परतावे लागले. १९२० साली शाहू महाराजांचे साहाय्य, मित्राचे कर्ज व स्वतःची बचत घेऊन ते पुन्हा गेले, तेव्हा ते पुरे झाले. तीन वर्षे गेली. आपल्या मुलांची अडचण तीन वर्षांची नाही, दोन महिन्यांची आहे.

म्हणून आजच्या सर्वसाधारण सभेपुढे आम्ही ठराव मांडला आहे. परदेशी शिष्यवृत्ती मंजूर झालेल्या ज्ञातीतील विद्यार्थ्यास, मुलगा असो वा मुलगी, मंजुरीपत्र पाहून दोन लाख रुपयांपर्यंत बिनव्याजी उचल द्यावी. ती पहिला हप्ता मिळाल्यापासून बारा महिन्यांत फेडून घ्यावी. दोन सभासदांची हमी पुरेशी समजावी. शुल्काच्या पावतीचे कलम अशा अर्जांस लागू करू नये. आमच्या वहिनींनी या उचलीसाठी पन्नास हजार रुपये चिटणीसांकडे आजच जमा केले आहेत. पुतणीने आपली चारही गावची कागदपत्रे व खर्चाची वही कार्यालयात आणून ठेवली आहे. ज्यांच्या घरी यंदा पदवीच्या शेवटच्या वर्षाचे मूल असेल त्यांनी जेवणापूर्वी ती पाहून जावी. ती स्वतः तेथे बसलेली आहे.